रोहूचे प्रायमर दुसऱ्या माशाला लावावेत का?

नर्मदेच्या माशांवर पीएचडी सुरू करणारी मुलं बडोद्यात भेटली की हमखास विचारतात: रोहूचे तयार मायक्रोसॅटेलाइट प्रायमर वापरू, बारकोडिंग करू, की सरळ एसएनपी? (प्रायमर म्हणजे डीएनएचा हवा तो भाग गाठून त्याच्या प्रती काढायला लावलेला छोटा तुकडा; मायक्रोसॅटेलाइट म्हणजे तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येणारा, लांबी बदलणारा भाग; एसएनपी म्हणजे एकाच अक्षराचा फरक.)

नुसती जात ओळखायची असेल तर बारकोडिंग करा, म्हणजे एका ठरावीक जनुकाचा तुकडा वाचा. मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा साधारण 650 बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा पुरतो आणि ठरावीक प्रायमर बहुतेक माशांवर चालतात. संकर मात्र त्यात सापडत नाही. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो, त्यामुळे रोहू मादी आणि कटला नराचं पिल्लू बारकोडमध्ये रोहूच दिसतं.

संकर किंवा नदीतले वेगवेगळे गट शोधायचे तर न्यूक्लियर मार्कर हवेत, म्हणजे पेशीकेंद्रातल्या, आई-बाप दोघांकडून आलेल्या डीएनएवरच्या खुणा. त्यात उसने, म्हणजे दुसऱ्या जातीसाठी बनवलेले, प्रायमर सगळ्यात स्वस्त, आणि फसवेही तेवढेच. नर्मदेकाठच्या चांदोदच्या घाटावरून आणलेल्या कालबासूच्या (हा रोहूच्याच लेबिओ वंशातला मासा) परांचे तुकडे आम्ही अल्कोहोलमध्ये ठेवले होते. रोहूच्या प्रायमरने, लांबीनुसार तुकडे वेगळे करणाऱ्या जेलवर सुरेख पट्टी आली, आम्ही खूश! सिक्वेन्सरवर लांबी मोजली तर जवळजवळ प्रत्येक मासा होमोझायगस, म्हणजे आई-बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती सारख्या. अ‍ॅनीलिंगचं (प्रायमर डीएनएला चिकटण्याचं) तापमान चार अंश उतरवल्यावर काही नमुन्यांत दुसरा अलील (त्याच जागेची वेगळी प्रत) वर आला. प्रायमर बसतो तिथेच बेस बदललेला होता, म्हणून ती प्रत आधी दिसलीच नव्हती. हे लक्षात आलं नसतं तर कालबासूत अंतःप्रजनन वाढलंय असं आम्ही लिहून मोकळे झालो असतो.

महसीरला तर हे प्रायमर लावताना दहादा विचार करा. रोहूची गुणसूत्रं 50, महसीरची 100. संच दुप्पट असल्याने एकच प्रायमर दोन जागी बसू शकतो. मग एका माशात सिक्वेन्सरच्या आलेखावर तीन-चार शिखरं दिसतात आणि कुठला अलील कुठल्या जागेचा, ते सांगता येत नाही. शिवाय हे मार्कर रोहूत विविधता दिसली म्हणूनच निवडलेले असतात. त्याच मापाने दुसरी जात मोजली तर ती उगाच गरीब दिसते.

डीडीरॅडने (एन्झाइमने डीएनए कापून निवडक तुकडे वाचायची पद्धत) एसएनपी काढायला आधीचे प्रायमर लागत नाहीत. पण डीएनए न तुटलेला हवा, खर्च जास्त, आणि जाती दूरच्या असल्या की एन्झाइम कापायच्या जागाच हरवतात, तक्त्यात रिकामी घरं वाढतात. दोन जवळच्या जातींची विविधता शेजारी ठेवून मोजायची असेल तर मी तरीही यासाठीच पैसे मागेन.

लेबिओमधल्याच जातीवर, हात आखडता असताना, उसने प्रायमर जरूर घ्या. फक्त आधी आठ-दहा मासे चालवा आणि पट्टी कापून सिक्वेन्स करा. आत रिपीट (पुन्हा पुन्हा येणारी अक्षरं) खरंच आहे का ते बघा, मगच उरलेल्या नमुन्यांना हात लावा.