बिना ऑपरेशन ‘गोटी उतरवून देतो’ म्हणणाऱ्याने आमचे ३०,१०० रुपये नेले

नागपुरात ज्यांच्या घरी लहान मुलगा आहे त्यांनी हे वाचा आणि घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा. लाजेपायी या विषयावर कोणी बोलत नाही, आणि हे हरामखोर त्याच लाजेवर पोट भरतात.

माझ्या मुलाची डावी गोटी, म्हणजे वृषण, जन्मापासून खालच्या पिशवीत उतरलेली नव्हती. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलांत साधारण तिघांना हे असतं, कमी दिवसांच्या मुलांत बरंच जास्त. बालरोगतज्ज्ञ म्हणाले होते, सहा महिने वाट पाहू, आपोआप नाही उतरली तर बालशल्यचिकित्सकाला दाखवा. नाही उतरली. एवढ्याशा लेकराला भूल द्यायची म्हटल्यावर कोणत्या आईचं काळीज थाऱ्यावर राहील? सासूबाईंनी तर रडून घर डोक्यावर घेतलं. त्यातच ह्यांच्या ऑफिसातल्या एकाने या ‘डॉक्टर’चा पत्ता दिला. बाहेर बोर्ड, भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं, बाकावर लेकरं घेऊन बसलेल्या बाया. कोणीही विश्वास ठेवला असता.

“अहो ताई, ऑपरेशन काऊन करता? तीन महिन्यांत खाली आणून देतो.”

नोंदणी ५००. त्याच्याच ओळखीच्या ठिकाणी सोनोग्राफी १,२००. तेल आणि चूर्ण ४,८००. ‘ताकदीच्या’ इंजेक्शनांचा कोर्स १८,६००. वर गॅरंटी कार्डाचे ५,०००. सगळे पैसे यूपीआयवर, तेही दवाखान्याच्या नव्हे, कुण्या बाईच्या खात्यात. बिल मागितलं की, “शेवटी एकदम देतो ना.”

आणि तो दिवस! आठवला की आजही अंगाची लाही होते. टबात कोमट पाणी, त्यात माझं पोर. त्याने जांघेतून बोटांनी गोटी खाली ओढली, अंगठ्यात आणि बोटात धरून ठेवली आणि म्हणाला, “काढा फोटो, उतरली.” मी फोटो काढला. त्याने बोटं सोडली आणि ती माझ्या डोळ्यांदेखत वर सरकली. विचारलं तर म्हणे, “एसी लावला आहे ना, थंडीनं जाते वर.” सासूबाईंनी तिथेच हात जोडले. पोराला कडेवर घेऊन, दोन बाया ऐकत असताना, मी त्याच्याशी काय भांडणार होते? पण सगळं उत्तर त्या क्षणात होतं. नंतर खऱ्या सर्जननी समजावलं: काही मुलांची गोटी नुसती वरखाली करते. ती हाताने खाली आणली की थोडा वेळ तरी पिशवीत राहते, आणि अशा मुलांना ऑपरेशन लागत नाही. न उतरलेली गोटी मात्र सोडली की लगेच परत जाते. तेलवाल्यांकडे ‘बरे झालेले’ बरेचसे याच पहिल्या प्रकारातले असणार.

इंजेक्शनं हार्मोनची निघाली. हा उपाय आता डॉक्टर सुचवत नाहीत, कारण फार थोड्यांना गुण येतो. त्या काळात पोर विनाकारण चिडायचं, आणि तो म्हणायचा, औषध लागू पडतंय!

अखेर दीड वर्षाच्या आत व्हायचं ते ऑपरेशन त्याहून उशिरा झालं. जांघेत एक छोटा छेद, पिशवीवर एक. सोबत हर्निया होता, तोही शिवला. संध्याकाळी घरी. याच्यासाठी आम्ही एवढे घाबरलो होतो! गोटी पोटाच्या उष्णतेत राहिली की पुढे मूल होण्याची ताकद घटते, पीळ पडू शकतो, मोठेपणी कॅन्सरचा धोकाही वाढतो. ऑपरेशनने तो धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. म्हणून वयात आल्यावर मुलाला स्वतः तपासायला शिकवावं लागेल.

तक्रार करायला गेले तर पोलीस ठाण्यात चार लोकांसमोर विचारलं, “नेमकं काय उतरवत होता?” आणि हसले. बिल नाही, पैसे स्वखुशीने दिले, मग गुन्हा कसला? एका ऑफिसने सांगितलं, तो नोंदणीकृत डॉक्टरच नाही, आमच्या अखत्यारीत येत नाही. म्हणजे खरा डॉक्टर असता तर कारवाई, बोगस आहे म्हणून सुटका! दुसऱ्या ऑफिसने अर्ज घेतला, पोच दिली नाही. नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे तिथे बसलेल्यांना मी सांगायचं? त्याचा बोर्ड आजही तिथेच आहे.

बिल न देणाऱ्याला एक रुपया देऊ नका. सोनोग्राफीसाठीही थांबू नका. आधी लागतो तो जाणत्या सर्जनचा हात. दोन्ही गोट्या हाताला लागत नसतील तर सहा महिनेही थांबायचं नाही, जन्मल्याबरोबर तपासण्या करा. खर्चाची भीती असेल तर बालशल्य विभाग असलेल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. आणि ‘गॅरंटी’ शब्द कानावर पडला की लेकरू उचला आणि निघा.

कुणाकडे असंच गॅरंटी कार्ड किंवा पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट असेल तर फेकू नका, पुढे या. एकटीचा अर्ज ते दाबतात. दहा जणांचा एकत्र दिला तर पोच द्यावीच लागेल.