विंडोज की लिनक्स: डीटीपीवाल्याने कशावर बसावं?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या आसपास, नारायण पेठ-शनिवार पेठेत ज्यांचं डिझाईनचं काम चालतं त्यांच्यापैकी कोणीही भेटलं की हाच विषय निघतो. मशीन इंटेलच्या सहाव्या-सातव्या जनरेशनच्या प्रोसेसरचं, विंडोज ११ ला साधारण आठवी लागते, वर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, म्हणजे धडधाकट चालणारं मशीन काढून नवं घ्या नाहीतर त्यावरच लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाका. मी २०२४ मध्येच लिनक्सवर आलो, पण कारण मशीनचं नव्हतं, वेगळं होतं, ते पुढे सांगतो. माझं काम डीटीपीचं, छपाईसाठी पानं मांडायचं, म्हणजे लग्नपत्रिका, स्मरणिका, पुस्तकांची आतली पानं आणि कव्हरं, अधूनमधून मंडळांचे छोटे व्हिडिओ. तुमचं काम वेगळं असेल तर माझं म्हणणं त्या हिशोबानेच घ्या.

पहिलं हे बघा की तुमचं काम संपतं कशात. पीडीएफ देऊन संपतं, की समोरच्याला चालू फाईल द्यावी लागते? प्रेसवाला जर म्हणत असेल की सीडीआर (कोरलड्रॉची फाईल) पाठवा, शेवटच्या क्षणी एखादा मोबाईल नंबर बदलायचा असेल तर आम्हीच बदलू, तर विंडोजवरच राहा, उगाच त्रास करून घेऊ नका. इंकस्केप हे लिनक्सवरचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर सीडीआर उघडतं हे खरं, पण माझा अनुभव असा की आकार बऱ्यापैकी येतात आणि मजकूर आला तर आला, आणि परत सीडीआर म्हणून सेव्ह करता येत नाही. एजन्सीचं काम असेल, रोज लेयरवाल्या पीएसडीची (फोटोशॉपच्या फायलींची) देवाणघेवाण असेल, तरी तेच. क्रिता हे चित्रकामाचं सॉफ्टवेअर पीएसडी उघडतं, पण स्मार्ट ऑब्जेक्ट, इफेक्ट असं सगळं जसंच्या तसं येईल ही अपेक्षा ठेवू नये.

फोटोचं काम करणाऱ्यांना आता फारसं अडायला नको. मार्च २०२५ मध्ये गिंप या फोटोच्या सॉफ्टवेअरचं ३.० आलं, त्यात फिल्टर लावल्यावर मूळ चित्र तसंच राहतं, ही इतक्या वर्षांची तक्रार होती ती गेली. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत, थेट काम करायचं असेल तर क्रिता. थ्रीडीचं ब्लेंडर दोन्हीकडे सारखंच. व्हिडिओला मात्र एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, डाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर लिनक्सवर मिळतं पण फ्री व्हर्जन तिथे एच.२६४ हा मोबाईल व्हिडिओचा नेहमीचा फॉरमॅट उघडत नाही, म्हणजे मोबाईलवर शूट केलेलं आधी एफएफएमपेग या कन्व्हर्टरने बदलून घ्यायचं आणि त्या बदललेल्या फायली केवढ्या मोठ्या होतात ते डिस्क भरल्यावर कळतं. छोट्या कामाला मी केडेनलाईव्ह वापरतो, मला पुरतं. रोजचा धंदाच व्हिडिओचा असेल तर विंडोज किंवा मग पैसे भरून स्टुडिओ व्हर्जन.

आता छपाई, म्हणजे माझ्या पोटापाण्याचा भाग. लिनक्सवर आल्या आल्या मी एक पत्रिका पूर्ण इंकस्केपमध्येच केली आणि तिथूनच पीडीएफ काढून प्रेसला दिली. स्क्रीनवर सुरेख दिसत होती. इंकस्केपची पीडीएफ आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत निघते, प्रेसमध्ये तिचं सीएमवायके होताना काळा मजकूर एका काळ्या प्लेटवर न येता चारही प्लेटवर वाटला गेला. आठ पॉइंटची अक्षरं, रजिस्ट्रेशन (चारही रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं) केसभर हललं, आणि भिंगातून बघितलं तर ‘नातेवाईकांच्या’ मधल्या अर्ध्या ‘च’ला एका बाजूने गुलाबी आणि दुसऱ्या बाजूने निळसर कड. मशीनमनने शीट हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, साहेब, काळा चार कलरमध्ये आलाय. पाचशे शीट वाया गेल्या, त्या मी माझ्या खर्चाने परत काढल्या. तेव्हापासून नियम केलाय की चित्र, बॉर्डर, गणपती वगैरे इंकस्केपमध्ये, पण मजकूर आणि शेवटची पीडीएफ स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधूनच. तिथे काळा म्हणजे फक्त के १००, नुसती काळी शाई, शिवाय ब्लीड (कापण्यासाठीची जादा कड), क्रॉपमार्क (कापायच्या खुणा), पीडीएफ-एक्स (छपाईसाठीची पीडीएफ) सगळं मिळतं. कोरलमध्ये हे सगळं एकाच खिडकीत होतं, तेवढी सोय लिनक्सवर नाही हे मान्य करायलाच हवं. स्क्रायबसची टेबलंही मला अजून कच्ची वाटतात, दरपत्रक किंवा वेळापत्रक करताना हात भरून येतात.

कोणी म्हणेल स्क्रायबसमध्ये मराठी तुटतं. तुटायचं, १.४ मध्ये जोडाक्षरं सुटी पडायची, वेलांटी भलतीकडे जायची, म्हणून बऱ्याच जणांनी तेव्हा एकदा बघून सोडून दिलं ते परत आलेच नाहीत. २०१७ च्या १.५.३ पासून गुंतागुंतीच्या लिप्यांचा सपोर्ट आला आणि जानेवारी २०२४ मध्ये १.६ हे स्थिर व्हर्जन निघालं, त्यात मी अख्खी पुस्तकं केली आहेत. फॉन्ट मात्र बघून घ्या. हिंदी वळणाचा ल आणि श मराठी पुस्तकात मला तरी सहन होत नाही, त्यासाठी टायरो देवनागरी मराठी चांगला, त्यात आपली वळणं आयतीच मिळतात.

आणि आता ज्या एका गोष्टीने माझं ठरलं ती. २००९ मध्ये एका गणेश मंडळाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका मी केली होती, तेव्हाच्या एका मराठी डीटीपी सॉफ्टवेअरवर, त्यांच्याच फॉन्टमध्ये, मशीनला लॉक लावून, ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालायचं नाही. २०२४ मध्ये मंडळाचे लोक आले की त्यातले सहा लेख नव्या अंकात घ्यायचेत, त्यातले दोन लेखक आता हयात नाहीत. मी म्हणलं अर्ध्या तासात देतो. फाईल होती, सीडीवर होती, दोन हार्डडिस्कवर होती, मी तशी नीट ठेवणारा माणूस आहे. पण लॉक मेलेलं, सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चढेना, विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला ते व्हर्जन बंद झालं, नवीन घ्या. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही वाचता येणाऱ्या मराठीत बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, मला माहितीये, पण फाईलच उघडत नसेल तर कन्व्हर्टरला देणार काय? शेवटी छापील प्रत समोर ठेवून चाळीस पानं मी आणि बायकोने आठ रात्री बसून परत टाईप केली. माझ्याच हाताने केलेली फाईल, पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर, आणि मजकूर आत अडकलेला. फार लागलं ते मनाला.

त्यानंतर मी एक करून बघितलं. स्क्रायबसची फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. भोवती खुणांचा पसारा होता, पण मधोमध आपली मराठी वाक्यं, वाचता येतील अशी. इंकस्केपच्या एसव्हीजी फाईलचंही तेच, मजकुराचे कर्व्ह, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार केले नसतील तर. उद्या ही दोन्ही सॉफ्टवेअर बंद पडली तरी शब्द माझ्या हातात राहतात. विंडोजवर हे होतच नाही असं नाही, युनिकोडमध्येच टाईप केलं आणि इनडिझाईन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधून प्रत्येक कामाची आयडीएमएल (ज्यातून मजकूर काढता येतो अशी फाईल) काढून ठेवली तर तुम्हीही सुरक्षित आहात. पण रात्री अकरा वाजता काम संपल्यावर ती आठवणीने कोण काढून ठेवतं, मी तरी नाही ठेवली.

मला अजूनही वाटतं की मोठ्या कंपन्यांनी लिनक्ससाठी सॉफ्टवेअर द्यावं, आणि मी पैसे द्यायला तयार आहे. मागणी नाही हे कारण नेहमी ऐकू येतं. २००० मध्ये कोरलड्रॉ ९ लिनक्सवर आलं होतं आणि मग थांबलं. पण माया, हुदिनी, न्यूक ही सिनेमाच्या व्हीएफएक्सची (स्पेशल इफेक्टची) महागडी सॉफ्टवेअर लिनक्सवर आहेतच, कारण स्टुडिओंनी एसजीआय कंपनीची मशीनं काढून लिनक्स घेतलं आणि ते शेकड्याने लायसन्स घेतात, त्यांची मागणी दिसते. आपल्यासारखा एकटा माणूस एका सॉफ्टवेअरसाठी नाइलाजाने विंडोज ठेवतो आणि कंपन्यांच्या वहीत विंडोजचं गिऱ्हाईक म्हणूनच मोजला जातो, मग मागणी दिसणार कुठून? अ‍ॅफिनिटी हे डिझाईनचं सॉफ्टवेअर तर कॅन्व्हा कंपनीकडे गेल्यावर ऑक्टोबर २०२५ पासून फुकट झालं, तरी लिनक्सवर नाहीच. म्हणून म्हणतो, कंपनीचा फॉर्म दिसला, सर्व्हे आला की लिनक्स पाहिजे असं लिहा, आपलं काम काय आहे तेही लिहा.

तुमचं अजून ठरत नसेल तर डिस्क लगेच पुसू नका. वेगळी एसएसडी घेऊन त्यावर लिनक्स टाका आणि मागच्या महिन्यातली पाच कामं तिथे परत करून बघा, एक तरी प्रेसमध्ये प्रूफपर्यंत न्या. तीन अडली तर विंडोजच बरं. माझी विंडोजची डिस्क अजून ड्रॉवरमध्ये आहे, कोणाची जुनी सीडीआर आली की लावतो, गेल्या वर्षभरात दोनदा लावली. मंडळाला ते सहा लेख दिले तेव्हा पेनड्राईव्हवर पीडीएफ, स्क्रायबसची फाईल आणि नुसत्या मजकुराची एक टेक्स्ट फाईल असं तिन्ही दिलं, आणि कार्यवाहांना समोर बसवून ती टेक्स्ट फाईल त्यांच्याच मोबाईलवर उघडून दाखवली.