एमजी जे२ : रंग नंतर बघा, आधी क्रँकशाफ्ट

कोपराजवळ खोलगट कापलेले दरवाजे, पुढे आडवी पाडता येणारी काच, मागे उघडी पेट्रोलची टाकी आणि तिला टेकवलेलं स्टेपनीचं चाक. १९३२ साली इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून आलेल्या जे२ या छोट्या स्पोर्ट्स कारने एमजी कंपनीचा चेहरा ठरवला आणि तो पुढे वीस वर्षं टिकला. तेव्हाची किंमत १९९ पौंड १० शिलिंग. आज या गाड्या विकल्या जातात त्या दिसण्यावर, आणि फसगतही तिथेच होते.

इंजिन ८४७ सीसीचं, चार सिलिंडरचं. कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) वर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, दोन एसयू कार्ब्युरेटर, ५,५०० आरपीएमला ३६ हॉर्सपॉवर. आठ पोर्टांचं (वायू आत-बाहेर जायच्या आठ वाटांचं) हेड झकास आहे. पण खालचा क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) दोनच बेअरिंगवर उभा आहे. मधे आधार नसल्याने जास्त आरपीएमला तो लवतो, आणि वर्षानुवर्षं लवत राहिला की तडकतो. ‘ऑटोकार’ या ब्रिटिश मासिकाच्या चाचणीत गाडी ताशी ८० मैलांच्या वर गेली होती. ती गाडी कारखान्याने खास तयार केलेली होती. साध्या जे२वर तोच आकडा गाठायला गेलेल्यांनी क्रँकशाफ्ट मोडून घेतले. १९३४च्या पी-टाइपमध्ये, म्हणजे जे२नंतरच्या मॉडेलमध्ये, क्षमता ८४७ सीसीच राहिली, बेअरिंगं मात्र तीन झाली. चूक कारखान्यालाही कळली होती.

म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न : क्रँकशाफ्ट मूळचा की नव्याने घडवलेला? मूळचा असेल तर मॅग्नेटिक क्रॅक टेस्टचा (चुंबकाने बारीक तडे शोधणाऱ्या चाचणीचा) कागद मागा. कागद नसेल तर इंजिन खोलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. नवा, चांगल्या पोलादाचा क्रँकशाफ्ट बसवलेली गाडी ‘अस्सल नाही’ म्हणून नाकारणं हा शुद्ध वेडेपणा. मूळच्यावर चालवायचीच असेल तर ४,५००च्या पुढे काटा नेऊ नका.

दुसरी जागा डायनॅमो, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र. तो इंजिनच्या पुढे उभा बसवलाय आणि कॅमशाफ्टला फिरवणारी ताकद त्याच्याच आर्मेचरमधून (आतल्या फिरत्या भागातून) वर जाते. हेडमधलं ऑइल सीलमधून गळलं की थेट डायनॅमोत उतरतं, ब्रश (वीज बाहेर काढणारे कार्बनचे तुकडे) तेलकट होतात आणि चार्जिंग बसतं. ब्रशचं झाकण काढून बोट फिरवा. बोटाला ऑइल लागलं तर नुसता डायनॅमो बदलून काही होणार नाही. आधी वरची गळती थांबवायला हवी. हेड काढायचं झालं तर हा दुवा सुटतो, तेव्हा सोडण्याआधी खुणा करून ठेवा, नाहीतर वॉल्व्ह टायमिंग पहिल्यापासून लावत बसावं लागतं.

ब्रेक केबलचे, ड्रम ८ इंची. गाडी एका बाजूला ओढत असेल तर लगेच केबल आवळू नका. केबल बाहेरच्या नळीत ग्रीसअभावी अडकलेली असते, किंवा मागच्या अ‍ॅक्सलचं ऑइल ब्रेकच्या लायनिंगवर (घासणाऱ्या पट्ट्यांवर) आलेलं असतं. आधी ही दोन्ही बघा, मग ब्रेक शूज जुळवा, केबलची लांबी सगळ्यात शेवटी.

मागच्या पाट्यांची (स्प्रिंगच्या पात्यांची) टोकं शॅकलमध्ये (झुलत्या कड्यांत) नाहीत, सरकत्या ट्रनियनमध्ये (टोक मागेपुढे सरकू देणाऱ्या आधारांत) आहेत. ग्रीस चुकलं की ती झिजतात आणि खड्ड्यात ठकठक ऐकू येते. तारांची चाकं काढून हबही (चाक ज्यावर बसतं तो भाग) बघा : दात्यांवर तांबूस भुकटी दिसली तर चाक हबवर घासतंय. चाकाचा मधला नट कितीही ठोकून आवळला तरी हे थांबत नाही. हब आणि चाकाचा मधला भाग दोन्ही जोडीनेच बदलावे लागतात.

गिअर चार, सिंक्रो (दाते आपोआप एका वेगाला आणणारी सोय) एकालाही नाही. खालचा गिअर टाकताना डबल क्लच (क्लच दोनदा दाबून मधे न्यूट्रलला अ‍ॅक्सिलरेटर देणं) जमला नाही तर दाते करकरतात.