'प्रूफ'चा बॉक्स लेकीसाठी घेतला, ऐकतेय मी

लेकीने सहा महिने डोकं खाल्लं म्हणून बीटीएस या कोरियन बॉयबँडचा 'प्रूफ' हा अल्बम मागवला, तीन सीडीवाला. बॉक्स हातात आल्यावर लक्षात आलं की घरात सीडी लावायला काहीच नाहीये, लॅपटॉपला ड्राइव्ह नाही आणि म्युझिक सिस्टिम कधीच भंगारात गेली. मग आठवलं, जुन्या गाडीत प्लेयर आहे! तर हा रिव्ह्यू पार्किंगमधे बसून ऐकलेला आहे. (कुरिअरवाल्याने बॉक्सचा कोपरा चेपून आणला त्यावरून लेक रडली, ते वेगळंच.)

घ्यायचा असेल तर पहिल्या आणि तिसऱ्या सीडीसाठी घ्या.

पहिलीत १९ गाणी, बहुतेक सगळी टायटल गाणी (म्हणजे प्रत्येक अल्बमचं मुख्य गाणं) निघाली त्याच क्रमाने, २०१३ ते २०२२. सुरुवात मात्र 'बॉर्न सिंगर'ने, हे त्यांनी पदार्पणानंतर महिन्याभरात साउंडक्लाउड या गाण्यांच्या वेबसाइटवर टाकलं होतं, बीट अमेरिकन रॅपर जे. कोलच्या गाण्याचा, आणि इतकी वर्षं कुठल्याच अल्बममधे नव्हतं. मला वाटायचं कंपनीने साच्यातून काढलेली गोरीगोमटी पोरं असतील. हे ऐकलं आणि गप्प बसले. नुकतंच स्टेजवर उभं राहिलेल्या पोराची धडधड आहे त्यात.

मागच्या सीटवरून लेकीची कॉमेंट्री चालू होती. बीटीएसला घडवणारी बिग हिट म्हणजे बांग शी-ह्योकने २००५ मधे काढलेली छोटी कंपनी, तो आधी जेवायपी या मोठ्या कोरियन म्युझिक कंपनीत गाणी करायचा. २०१० मधे आरएमला (ग्रुपचा लीडर) घेतलं, तेव्हा बेत हिपहॉप ग्रुपचा होता, पुढे बदलला. बाकीच्या मेंबरांत शुगा देगूचा, जे-होप ग्वांगजूचा डान्सर, जिनला तर बसमधून उतरताना कंपनीच्या माणसाने गाठलं, आणि जंगकुकला टीव्हीवरच्या टॅलेंट शोनंतर सात कंपन्यांनी बोलावलं तरी तो आरएममुळे इथे आला, जिमिन सगळ्यात शेवटी. सोलमधे वाढलेलं पोर एकही नाही हो यात! पदार्पण १३ जून २०१३.

मग 'नो मोअर ड्रीम' लागलं. "आई, हे आईबापांच्या स्वप्नांबद्दल आहे," लेक म्हणाली. पुढचं 'एन.ओ' शाळा आणि अभ्यासाच्या रेट्यावर. पोरगी दहावीत आहे, मी आवाज जरा कमी केला.

खरी गंमत 'आय नीड यू'ला येते. ५ मे २०१५ ला याच गाण्यावर त्यांना कोरियन टीव्हीवरच्या म्युझिक शोमधे (जिथे गाण्यांचे नंबर लागतात) पहिल्यांदा पहिला नंबर मिळाला, म्हणजे जवळपास दोन वर्षं हात हलवत परत जायचं. त्याआधीची चार-पाच गाणी 'बघा आम्ही किती डेंजर' असं ओरडतात आणि इथे एकदम सूर खाली येतो. ओळीने ऐकलं की हे कळतं, मोबाइलवर शफल करून नाही कळत.

दुसऱ्या सीडीत मेंबरांची सोलो आणि आपापसातल्या जोड्यांची गाणी, ती ओके, मी दोनदा पुढे ढकलली. तिसरीत डेमो (गाण्यांची सुरुवातीची कच्ची रेकॉर्डिंग) आहेत आणि त्यातलं बरंचसं स्ट्रीमिंगवर सापडत नाही. 'आय नीड यू'चा आणि 'बॉय इन लव'चा कच्चा डेमो ऐकाच.

स्वस्त नाहीये, नुसती गाणीच हवी असतील तर पहिल्या दोन सीडी ऑनलाइन ऐका. चार स्टार. एक स्टार दुसऱ्या सीडीचा कापला. काल तिसरी परत लावून बसले होते, गाडीची बॅटरी उतरली.