परभणीत बांधून घेतलेला 5 केव्हीएचा सर्वो स्टॅबिलायझर: रब्बीचा हंगाम काढल्यावर

आमचं दूध संकलन केंद्र सेलू तालुक्यात, फाट्यावर. डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) निघालेल्या लाइनीच्या शेवटच्या खांबावर आमचं कनेक्शन, त्यामुळं लाईट असली तरी जोर नसतो. सिंगल फेजला 230 व्होल्ट, दहा टक्के वरखाली चालतं, म्हणजे 207 च्या खाली जायला नको. पण हरभऱ्या-गव्हाला पाणी सुरू झालं की संध्याकाळी मीटरवर 160 दिसतात, आणि दूध येतं तेही त्याच वेळी. डीप फ्रीजरचा कॉम्प्रेसर नुसता घुमतो, उचलत नाही, मग त्याला वाचवणारा ओव्हरलोड स्विच पडतो. दुधातलं फॅट मोजणारी मशीन मधेच रिस्टार्ट झाली की किटली घेऊन उभा असलेला माणूस आमच्याकडं बघायला लागतो. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून निघतो, पॉइंटा-पॉइंटाला पैसा आहे. तो तरी काय करील?

आधी आमच्याकडं रिलेवाला स्टॅबिलायझर होता, म्हणजे कमी-जास्त येणारं व्होल्टेज सारखं करून देणारा डबा. त्यात ट्रान्सफॉर्मरला टॅप, म्हणजे वाइंडिंगमधून मधेमधे बाहेर घेतलेली टोकं, काढलेले असतात आणि व्होल्टेज बदललं की रिले खट्‌कन दुसरा टॅप धरते. टीव्हीला बास झालं. आमच्याकडं मात्र काटा नेमका दोन टॅपच्या मधल्या सीमेवर रेंगाळायचा, मग संध्याकाळभर खटखट, आणि शेवटी रिलेचा कॉन्टॅक्ट जळून चिकटला. म्हणून सर्वो, म्हणजे मोटरनं व्होल्टेज जुळवणारा. आमच्या ह्यांना कंपनीचा हवा होता. मी म्हणलं, बिघडल्यावर खोलणारा माणूस जवळ पाहिजे. परभणीतल्या एका वाइंडिंगवाल्यानं ऑर्डरीवर बांधून दिला, इनपुट 140 ते 270. दूध घेऊन जाणाऱ्या पिकअपमध्येच आला, दोघांनी उचलून ठेवला.

मिस्त्रींनी झाकण काढून सगळं दाखवलं. आत तांब्याच्या तारेची गोल कॉइल, तिच्या उघड्या वेढ्यांवरून फिरणारा कार्बन ब्रश, आणि ब्रशला फिरवणारी मुठीएवढी मोटर. बाजूच्या कार्डावर चौदा पायांची आयसी. ती आउटपुट आणि ठरवून दिलेलं व्होल्टेज सारखं ताडून बघते, कमी भरलं की मोटर एका बाजूला, जास्त झालं की दुसऱ्या. दोन्ही टोकांना लिमिट स्विच, नाहीतर ब्रश कॉइलच्या बाहेरच जायचा. चालताना बारीक घर्र आवाज येतो, रिलेची ती खटखट नाही. इनपुट 160 असताना आउटपुटला 228, 229, 231 असंच दिसतं. कॉम्प्रेसर पहिल्या झटक्यात उचलतो. एवढ्यासाठीच घेतला होता, ते काम चोख.

आता दुकानदार सांगत नाहीत ती गोष्ट. स्टॅबिलायझर लाईट तयार करत नाही. 230 ला 2 किलोवॅटचा लोड नऊ अँपिअरच्या आत ओढतो, पण लाईनीला 150 असले तर तेवढंच काम करायला तेराच्या वर अँपिअर ओढावे लागतात. पूर्ण 5 केव्हीए, म्हणजे मशीनच्या क्षमतेएवढा लोड टाकलात तर तेहतीस. म्हणजे स्टॅबिलायझरच्या पुढची वायर निवांत असते आणि मागची, खांबावरून मीटरपर्यंत येणारी, तापते. मिस्त्रींनी इनपुटची वायर हाताला लावून बघितली आणि म्हणाले, "ताई, आधी ही बदला, मग माझ्या मशीनला नावं ठेवा." सर्व्हिस वायर, मेन स्विच, एमसीबी सगळं त्या हिशेबानं जाड केलं. पत्र्याच्या शेडात जुनाट वायरवर सर्वो बसवून निश्चिंत झालेली मंडळी मला माहीत आहेत. आणि हो, आपण जास्त करंट ओढला की शेजारच्या गिरणीचं व्होल्टेज अजून उतरतं. ते भांडण वेगळं.

तक्रार आहे ती वेगाची. ब्रश फिरायला वेळ लागतो. समजा लाईनीला 150 आहेत आणि ब्रश टोकाजवळ जाऊन 230 देतोय. तेवढ्यात गावातल्या मोटारी एकदम बंद पडल्या आणि लाईन 200 वर उडी मारून गेली, तर ब्रश मागं येईपर्यंत आउटपुटला तीनशेच्या वर जाऊ शकतात! त्यासाठी हाय कट, म्हणजे आउटपुट फार चढलं की लाईन तोडणारी सोय, मागून घ्या. आमचा 250 ला कॉन्टॅक्टर सोडतो आणि तीन मिनिटांनी परत धरतो. ही तीन मिनिटं कॉम्प्रेसरला हवीच असतात, गॅसचं प्रेशर उतरल्याशिवाय तो सुरू करू नये. फ्रीजरला फरक पडत नाही, फॅट मशीनला पडतो, म्हणून तिला वेगळा छोटा ऑनलाइन यूपीएस दिलाय. घेताना "ऑनलाइन"च मागा. तो एसीचं डीसी आणि डीसीचं परत एसी करत राहतो, त्यामुळं लाईनीतला गोंधळ मशीनपर्यंत पोचतच नाही.

बाकी किरकोळ. वाइंडिंग तांब्याचं की अॅल्युमिनियमचं ते बिलावर लिहून घ्या. अॅल्युमिनियमचं हलकं आणि स्वस्त असतं, तोंडी मात्र सगळेच कॉपर म्हणतात. रंगकाम सुमार आहे, एका कोपऱ्याला आत्ताच गंज दिसतोय. हवेसाठी ठेवलेल्या भोकांतून फाट्यावरची धूळ आत जाते, ब्रशच्या वाटेवर काळी भुकटी साचते, ती लाईट बंद करून मऊ ब्रशनं काढावी लागते. मागच्या जाळीतून पाल आत जाईल एवढी फट होती, तिथं मी मच्छरदाणीची तारजाळी लावली. बायपासचा खटका मात्र पुढच्याच बाजूला, लहान पोराच्या हाताला येईल असा दिलाय. तो फिरवला की लाईन सरळ फ्रीजरला. मिस्त्रींना तो मागं घ्यायला सांगितलंय, तोवर त्याची मूठ काढून गल्ल्यात ठेवली आहे.