दंगलीनंतर कौन्सिलने काय करावं? एपिंग, लिव्हरपूल आणि ओल्डहॅमच्या तीन वाटा

ब्रिटनमध्ये भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्या बऱ्याच मराठी कुटुंबांना माहीतच नसतं की कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या निवडणुकीत त्यांना मत देता येतं. राष्ट्रकुल देशाचं नागरिकत्व, वैध व्हिसा आणि मतदार यादीत नाव, एवढं पुरतं. तेव्हा मत मागायला दारात आलेल्या उमेदवाराला बिनधास्त विचारावं : उद्या आपल्या गावात अतिउजव्यांनी दंगा केला, तर तुम्ही काय करणार? उत्तरं साधारण तीन तऱ्हेची येतात, आणि तिन्ही कुठे ना कुठे करून पाहिलेली आहेत.

कोर्टाची वाट : एपिंग

एसेक्समधल्या एपिंगच्या बेल हॉटेलमध्ये सरकारने आश्रय मागणाऱ्या 138 पुरुषांना ठेवलं होतं. जुलै 2025 मध्ये त्यांच्यातल्या एकावर एका 14 वर्षांच्या मुलीच्या लैंगिक छळाचा आरोप ठेवला गेला. पुढे तो सिद्धही झाला. हॉटेलसमोर आंदोलन सुरू झालं. त्यात स्थानिक आईबाप होते, आणि संधी साधून आलेले अतिउजवे कार्यकर्तेही होते. पोलिसांवर हल्ले झाले. कौन्सिलने मालकाला कोर्टात खेचलं : हॉटेलचा वापर बदललाय आणि त्याची नियोजन परवानगी घेतलेली नाही. 19 ऑगस्टला हायकोर्टाने आश्रयार्थींना तिथे ठेवायला अंतरिम मनाई केली आणि एपिंगमध्ये जल्लोष झाला. दहा दिवसांत अपील कोर्टाने ती उठवली. नोव्हेंबरमध्ये हायकोर्टाने कौन्सिलचा दावाच फेटाळला.

अपील कोर्टाचं एक निरीक्षण उमेदवारासमोर जरूर ठेवावं. निदर्शनं झाली म्हणून मनाईचं पारडं जड होणार असेल, तर आणखी निदर्शनांना, कदाचित हिंसक निदर्शनांनाही, त्यातून प्रोत्साहन मिळण्याचा धोका आहे. माझ्या मते या वाटेची खरी खोट हीच. कौन्सिलची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. लंडनमधलं गृहखातं निर्णय घेतं आणि रोष गावाच्या माथी येतो, हे खरंच आहे. पण खटल्याने गावाचे दोन तट आणखी घट्ट झाले आणि हॉटेल जिथल्या तिथे राहिलं.

डागडुजीची वाट : लिव्हरपूल

29 जुलै 2024 रोजी साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींची हत्या झाली. मारेकरी नुकताच बोटीने आलेला मुस्लिम आश्रयार्थी आहे, अशी अफवा एका बनावट नावासकट पसरली. प्रत्यक्षात तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता. दुसऱ्याच दिवशी साउथपोर्टच्या मशिदीवर दगडविटा पडल्या आणि दंगलीचं लोण गावोगाव गेलं. 3 ऑगस्टच्या रात्री लिव्हरपूलच्या वॉल्टन भागातलं स्पेलो लेनचं वाचनालय पेटवलं गेलं. हा शहरातला अत्यंत गरीब भाग. त्या इमारतीत पुस्तकांबरोबर नोकरी शोधायला मदत करणारं केंद्रही होतं. कोणीतरी 500 पौंडांचं लक्ष्य ठेवून वर्गणी सुरू केली आणि अडीच लाखांवर पौंड जमले. शहर कौन्सिलने डिसेंबरमध्ये वाचनालय पुन्हा उघडलं.

लगेच दिसेल असं काम, वाद नाही, लोकांचा हात लागलेला. या उत्तरात नावडण्यासारखं काही नाही, आणि म्हणूनच उमेदवार ते पटकन देतात. पुढचा प्रश्न पैशांचा विचारा. सरकारने दंगलग्रस्त 20 भागांसाठी दीड कोटी पौंडांचा निधी दिला, पण तो 2024-25 या एकाच आर्थिक वर्षाचा होता. तेवढ्यात इमारत उभी राहते. मनं जुळायला वेळ लागतो.

शिवाय काही जखमा दंगलीच्या आधीच्या असतात. रॉदरहॅमजवळ 4 ऑगस्टला जमावाने आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलला आग लावायचा प्रयत्न केला. 64 पोलीस जखमी झाले. त्या हिंसेला माफी नाहीच. पण याच रॉदरहॅमबद्दल 2014 च्या चौकशी अहवालाने सांगितलं होतं की 1997 ते 2013 या काळात सुमारे 1,400 मुलांचं लैंगिक शोषण झालं, आणि वंशद्वेषी म्हणवले जाऊ या भीतीने काही कर्मचारी गुन्हेगारांचा वंश बोलून दाखवायला कचरत होते. सत्य झाकणाऱ्या कौन्सिलने पुढे अफवा खोडायची म्हटली तर तिच्यावर विश्वास कोण ठेवणार?

शाळेची वाट : ओल्डहॅम

मे 2001 मध्ये मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅममध्ये गोरे आणि पाकिस्तानी-बांगलादेशी तरुण यांच्यात दंगल पेटली. दोन आठवड्यांतच बीएनपी (ब्रिटिश नॅशनल पार्टी) या अतिउजव्या पक्षाच्या निक ग्रिफिनला तिथे संसदेच्या निवडणुकीत 16 टक्के मतं पडली. त्या वर्षीच्या दंगलींवर नेमलेल्या समितीने म्हटलं की दोन्ही समाज एकाच गावात 'समांतर आयुष्यं' जगतात : वस्ती वेगळी, शाळा वेगळी, नोकरी वेगळी. पुढे 2010 मध्ये एक बहुतांश गोरी आणि एक बहुतांश आशियाई शाळा बंद करून वॉटरहेड अकॅडमी ही एकच शाळा काढली गेली. पालक धास्तावले होते. ऑक्सफर्डच्या मानसशास्त्रज्ञांनी काही वर्षं मुलांवर लक्ष ठेवलं. भीती कमी झाली, एकमेकांबद्दलचं मत सुधारलं. जेवायच्या सुट्टीत मात्र बरीच मुलं आपापल्यातच बसत.

दंगल ते शाळा, मध्ये नऊ वर्षं. एवढा धीर कुठल्या उमेदवाराला असतो? आणि ओल्डहॅमचे सगळे प्रश्न शाळेने सुटले असंही नाही. मुलांच्या शोषणाच्या जुन्या प्रकरणांवरून तिथलं राजकारण आजही तापतं.

मग मत कोणाला?

कोर्टाची भाषा करणाऱ्याला मी मत देणार नाही. डागडुजी तर कोणीही करावीच, त्यासाठी वेगळे गुण नकोत. माझं मत जाईल ते निधी संपल्यावरच्या वर्षाबद्दल बोलणाऱ्याला : शाळांचे प्रवेश, घरांचं वाटप, आणि गुन्ह्याची खरी माहिती पोलिसांकडून लवकर घेऊन लोकांपर्यंत पोचवण्याची तयारी.

चौकशी समितीचं आश्वासन मिळालं, तर तिचा प्रमुख कोण ठरवणार हेही विचारा. लेस्टरमध्ये 2022 च्या हिंदू-मुस्लिम तणावानंतर शहराने एका अभ्यासकाची नेमणूक केली, हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला आणि काम सुरू होण्याआधीच त्या अभ्यासकाने माघार घेतली.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. एपिंगसारख्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे नियोजन आणि घरं असतात, शाळा नसतात, त्या काउंटीकडे, म्हणजे अनेक डिस्ट्रिक्ट मिळून असलेल्या वरच्या कौन्सिलकडे. ओल्डहॅम किंवा लिव्हरपूलसारख्या ठिकाणी एकाच कौन्सिलकडे दोन्ही येतं. शाळेचा प्रश्न डिस्ट्रिक्टच्या उमेदवाराला विचारलात, तर तो काउंटीकडे बोट दाखवून मोकळा होईल. ज्याच्या हातात जे आहे, त्याला तेच विचारा.