‘मिक्स्चर सेटिंग’च्या नावाखाली साडेआठ हजार घेतले: इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीवाल्यांनो, वाचा

पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या) मिक्स्चर, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण, सेट करायचा स्क्रू नसतो. तरीही ‘मिक्स्चर सेटिंग’ म्हणून आजही राजरोस पैसे घेतले जातात. माझ्याकडून एका गॅरेजने ८,५०० रुपये घेतले आणि गाडी होती तशीच परत दिली. खरा बिघाड नंतर ८८० रुपयांत निघाला. ही फसवणूक नेमकी कशी करतात ते सविस्तर लिहितोय, कारण जुन्या गाडीचा खर्च जपून करणाऱ्या माणसालाच ती गाठते.

गाडी २०१४ची, छोटी, पेट्रोलवर चालणारी. सातारा-पुणे जाणं-येणं नेहमीचं. सतराचं ॲव्हरेज हळूहळू तेरावर आलं, खंबाटकी घाटात गाडी ओढायला तयार होईना आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. सकाळी थंड गाडी सुरू केली की बॉनेटखालून टिकटिक आवाज यायचा आणि इंजिन तापलं की कमी व्हायचा. या आवाजाबद्दल मी गॅरेजवाल्याला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तो म्हणाला, “टॅपेटचा आवाज आहे साहेब, तो सोडून द्या.” खरं दुखणं तिथेच होतं.

त्याने स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोष वाचणारं यंत्र, लावला. कोड आला पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. लगेच निदान झालं. “ऑक्सिजन सेन्सर गेलाय साहेब. सेन्सर टाकतो, मिक्स्चर सेट करून देतो. कंपनीत गेलात तर पंधरा हजारांना कापतील.” सेन्सरचे ४,८००, सेटिंगचे १,२०० आणि वर ॲव्हरेज वाढवणारी ‘चिप’ म्हणून स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावायची एक डबी, २,५०० रुपयांची. “दोनशे किलोमीटर चालवा, मग ती तुमची गाडी शिकते,” असं सांगितलं. बिल वहीच्या कागदावर.

आता यातला खोटेपणा समजायचा तर मिश्रणाचं काम कसं चालतं ते आधी बघावं लागेल. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. आमच्या वडिलांच्या पद्मिनीला कार्बोरेटर होता. मिस्त्री कान लावून स्क्रू पाव-पाव आटा फिरवायचा, मग प्लग काढून रंग बघायचा: विटकरी आला की बरोबर, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा पडला म्हणजे कमी. ती खरी सेटिंग होती आणि ती करायला हातात कसब लागायचं. इंजेक्शनच्या गाडीत हे काम कॉम्प्युटर करतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर धुरात ऑक्सिजन किती उरला ते सांगतो आणि कॉम्प्युटर त्यानुसार पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो. ही दुरुस्ती टक्क्यांत असते, तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. उणे दहा ते अधिक दहापर्यंत सहसा काळजी नसते. आकडा वीसच्या पुढे गेला की कुठेतरी काहीतरी नक्की बिघडलंय.

म्हणजे ‘लीन’ हा कोड आला यावरून सेन्सर खराब ठरत नाही. बहुतेक वेळा तो आपलं काम चोख करत असतो, म्हणून तर कोड येतो. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलायचा, तसला हा उपचार, आणि थर्मामीटरही नुसता बदलल्याचं सांगायचं.

गाडी घेऊन आलो तेव्हा दिवा विझलेला होता, इंजिनही गुळगुळीत वाटत होतं. हाच या धंद्याचा कणा आहे, इकडे नीट लक्ष द्या. स्कॅनरने कोड पुसला की दिवा जातो आणि बहुतेक गाड्यांत कॉम्प्युटरने शिकलेली ट्रिमही शून्यावर येते. मग सगळं पुन्हा शिकून, एकापेक्षा जास्त फेऱ्यांत तोच दोष दिसल्याशिवाय दिवा परत लागत नाही. मधल्या काळात गिऱ्हाईक खूश असतं आणि पैसे दिलेले असतात. चिपचे ‘दोनशे किलोमीटर’ याच मुदतीसाठी आहेत. माझा दिवा परत लागला तेव्हा उत्तर मिळालं, “चिप अजून शिकतेय.”

माझा मामेभाऊ चाकणला इंजिन टेस्टिंगच्या कामात आहे. रविवारी घरी आला तेव्हा त्याने त्याचा ब्लूटूथ स्कॅनर लावला. असला स्कॅनर ऑनलाइन पाचशे ते आठशे रुपयांत मिळतो आणि फोनवरच्या फुकट ॲपवर चालतो. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं सुरू असताना, ट्रिम होती अधिक २३, आरपीएम अडीच हजारांवर नेला की अधिक ९. “दादा, ही गळती आहे,” तो तिथेच म्हणाला. आयडलिंगला इंजिनातून वायू कमी वाहतो, त्यामुळे थोडी बाहेरची हवाही मोठा फरक पाडते आणि वेग वाढला की तिचं प्रमाण घटतं. उलट असतं, म्हणजे आयडलिंगला ठीक आणि जोरात पळवताना ट्रिम वाढत गेली असती, तर संशय पेट्रोल पंपावर किंवा फिल्टरवर गेला असता. सेन्सरचा आलेख ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये झरझर वरखाली होत होता. सेन्सर धडधाकट होता.

मग त्याने टॉर्च धरून सेन्सर दाखवला. जो ‘नवा’ म्हणून लावला होता, त्याच्या षटकोनी भागाच्या कडांना गंज, धातू उष्णतेने निळसर पडलेला, कनेक्टरच्या खाचेत वाळलेला चिखल. नव्या सेन्सरच्या आट्यांना कंपनीने ग्रीस लावलेलं असतं, इथे त्याचा मागमूस नव्हता. डिकीत मला दिलेला रिकामा खोका होता. खोक्यावरचा पार्ट नंबर आणि सेन्सरच्या अंगावर कोरलेला नंबर वेगळे. माझाच जुना सेन्सर काढून, पुसून परत बसवला असावा, किंवा हातही लावला नसावा. त्याच्या पुढे थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप. तिथल्या स्टॉप स्क्रूवर कारखान्यात रंगाचा ठिपका देतात, हा फिरवू नका असा त्याचा अर्थ. तो रंग फुटलेला होता. स्क्रू आत फिरवून आयडल चढवली होती, म्हणून इंजिन गुळगुळीत वाटलं. १,२०० रुपयांची सेटिंग ती हीच.

चिप आम्ही स्क्रू ड्रायव्हरने उघडली. आत तीन रंगीत दिवे, एक बटण आणि एक बारीक आयसी. गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायला जो भाग लागतो तो नव्हताच, डेटाच्या पिनांना तारच जोडलेली नव्हती. फक्त बॅटरीची वीज घेऊन दिवे लुकलुकायचे.

दुसऱ्या दिवशी इंजिन थंडगार असताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या, जोडावर साबणाचं पाणी मारून गाडी सुरू केली. एका कोपऱ्यातून बुडबुडे आले आणि शेजारच्या पत्र्यावर काजळीचा काळा ओरखडा सापडला. मॅनिफोल्डचं गॅस्केट, म्हणजे जोड हवाबंद ठेवणारी पट्टी, फुटलं होतं, सेन्सरच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला. धूर धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो आणि दोन धक्क्यांच्या मध्ये तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, कॉम्प्युटर समजतो मिश्रण लीन आहे आणि पेट्रोल ओतत राहतो. म्हणून कोड ‘लीन’चा आणि प्लग मात्र काळेकुट्ट. टिकटिक आवाजही तिथलाच, धातू तापून फुगला की फट आवळते आणि आवाज कमी होतो. गॅस्केट २८० रुपये, मजुरी ६००. स्टॉप स्क्रू गॅस्केट बदलणाऱ्या मिस्त्रीनेच जागेवर आणला, त्याचे पैसेही घेतले नाहीत. ट्रिम अधिक ३ वर आली, ॲव्हरेज पुन्हा सोळा-सतरा.

मी फोटो घेऊन पहिल्या गॅरेजमध्ये गेलो. चोर तो चोर वर शिरजोर. “पीयूसी पास आहे ना गाडी? मग मिक्स्चर बरोबरच आहे,” हा त्याचा युक्तिवाद. हा अनेकांना पटेल, म्हणून सांगतो. पीयूसीचा पाइप सायलेन्सरच्या टोकाला लावतात. गळतीतून आत आलेली हवा आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) मिळून जादा कार्बन मोनॉक्साइड बराचसा वाटेतच जाळून टाकू शकतात. सिलिंडरमध्ये पेट्रोल उधळलं जात असतानाही सर्टिफिकेट मिळू शकतं.

खरंच मिक्स्चर जुळवावं लागतं ते बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटमध्ये. जुन्या साध्या किटला गॅसच्या नळीवर स्क्रू असतो, सिक्वेन्शियल किटला (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेल्या) लॅपटॉपवरून जुळवणी करतात. तिथे मिस्त्रीला एवढंच सांगा: पेट्रोलवरून गॅसवर टाकल्यावर पेट्रोल इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो तो मिलिसेकंदांचा आकडा जवळपास तोच राहतो का, ते माझ्यासमोर दाखव. ज्याने जुळवणी केली आहे तो लगेच दाखवतो.

पेट्रोल गाडी दाखवायला नेताना घरूनच ट्रिमच्या आकड्यांचा स्क्रीनशॉट काढून न्या, आयडलिंगचा आणि अडीच हजार आरपीएमचा. कोड पुसण्याआधी मला विचारा, असं स्पष्ट सांगा. सेन्सर बदलणार असतील तर आधी जुन्याचा नंबरासकट फोटो घ्या, जुना पार्ट हातात मागा आणि पार्ट नंबर लिहिलेलं जीएसटीचं पक्कं बिल घ्या. पक्क्या बिलाचं नाव काढल्यावर ज्याचा भाव बदलतो, त्याच्याकडे गाडी सोडू नका.

चिपचे २,५०० रुपये त्याने चार लोक जमल्यावर परत केले. सेन्सरचे आणि सेटिंगचे द्यायला तयार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तिथे तड लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांपर्यंत दाद मागता येते. वहीचा कागद, दोन्ही पार्ट नंबरांचे फोटो, उघडलेली चिप आणि गॅस्केटचं पक्कं बिल एका पाकिटात घालून ठेवलं आहे.